हळदीला काय वाजवायचं? खान्देशी गाणी सुचवा

बोरीकाठचा

मंडळी, भाचीचं लग्न ठरलंय. लग्न शिरपूरला, वैशाखात. हळदीच्या रात्रीच्या गाण्यांचं काम ताईने माझ्या गळ्यात घातलंय, कारण घरात जुने रेडिओ उघडून बसणारा मी एकटाच. "तू गाण्यातला ना, मग तूच बघ."

डीजेवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी धाडली. सत्तर गाणी. त्यात अहिराणी आठ, सगळी गेल्या काही वर्षांतली यूट्यूबवरची. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पोरंसोरं नाचतील. पण यादी आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "हाई ठीक से रे, पन हयद लावतांना काय म्हनशात?"

मी गप्पच. मावशीच्या हळदीला अमळनेरला आमच्या ओट्यावर बाया गात बसलेल्या मला आठवतात. गॅसबत्ती आठवते, मुसळाला बांधलेला आंब्याचा डहाळा आठवतो. गाणं आठवत नाही.

तर सुचवा. नाचायची सुचवा, बसून ऐकायची सुचवा आणि ती बायांची गाणी कुठे मिळतात तेही सांगा. फक्त "यूट्यूबवर शोध" असं सांगू नका, ते करून झालंय.

केळीबाग_रावेर

दादा, आठच? डीजेवाला बदला. आमच्याकडे हळदीला निम्मी गाणी अहिराणी नसली तर पोरं डीजेच्या गाडीवर चढतात. झुमक्याचं गाणं, केसावरच्या फुग्यांचं गाणं, ही तर असणारच. ती एका तासात दोनदा लागतात हे धरून चाला. सुरुवात संथ ठेवा, साडेआठनंतर ठेका वाढवा. जेवणाआधी सगळं उडवलंत तर जेवणानंतर अंगणात फक्त फोटोवाला उरतो, स्वानुभव आहे.

जुनी_कॅसेट

झालं. पहिल्याच प्रतिसादात फुगे.

माझं मत विचाराल तर डीजे नकोच, बँड लावा. खान्देशातला बँडवाला तुम्ही नुसतं गुणगुणलात तरी वाजवतो. आमच्या लग्नात क्लॅरिनेटवाल्या चाचांना माझ्या आजोबांनी एका भजनाची चाल तोंडाने म्हणून दाखवली होती. चाचांनी दोन मिनिटं डोळे मिटले, पट्टी काळी दोनवर आणली आणि मिरवणूक विठोबाच्या देवळापर्यंत त्याच भजनावर गेली. पेनड्राइव्हला हे जमतं का?

केळीबाग_रावेर

काका, नाही जमत. पण चाचा साडेआठला जेवायला बसले की दहापर्यंत उठत नाहीत, ते पेनड्राइव्ह करत नाही. (ह. घ्या.)

जुनी_कॅसेट

हलकंच घेतलं. आणि बँडवरून आठवलं. वरातीत नागिणीची धून वाजली की एक जण रुमालाची पुंगी करतो आणि दुसरा रस्त्यावर लोळतो. ती बीन मुळात बीन नव्हतीच. १९५४ चा 'नागिन', संगीत हेमंतकुमारांचं. त्यातला तो आवाज कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढला, जोडीला रवींची हार्मोनियम. पुढे हे दोघेही स्वतः मोठे संगीतकार झाले. म्हणजे गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या पेटीने केली, त्या पेटीची नक्कल आमच्या चाचांच्या क्लॅरिनेटने केली, आणि आता क्लॅरिनेटची नक्कल तुमचा डीजे करतो. लोळणारा मात्र तोच आहे.

भुसावळ_जंक्शन

हा हा, लोळणारा तोच. वा काका.

उधन्याची_आक्का

नमस्कार. मी मूळची नंदुरबारकडची, लग्न होऊन सुरतेला आले त्याला आता तीस वर्षं होतील. उधना, लिंबायत या भागात गल्लीच्या गल्ली आपली आहे. तुम्ही झुमक्यांना आणि फुग्यांना हसताय म्हणून लिहिते.

माझी पोरं गुजराती शाळेत शिकली. घरात मी अहिराणी बोलायचे तेव्हा थोरला म्हणायचा, "मम्मी, माझे मित्र आले की असं बोलू नको." लाज वाटायची त्याला. मग ही गाणी आली. एके दिवशी नवरात्रात सोसायटीत गरबा संपल्यावर कुणी तरी अहिराणी गाणं लावलं आणि त्याचे गुजराती मित्र त्यालाच विचारायला लागले की याचा अर्थ काय, 'पोर' म्हणजे काय, 'हाई' म्हणजे काय. तो सांगत होता. त्या दिवसापासून मला 'मम्मी' सोडून कधीकधी 'वं माय' म्हणतो. माझ्या तीस वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही ते साडेचार मिनिटांच्या गाण्याने झालं. गाणं चांगलं आहे की भंगार, ते तुम्ही ठरवा.

जुनी_कॅसेट

आक्का, चुकलो. फुग्यांबद्दलचे शब्द मागे. चालीबद्दलचे नाही, त्या दहा गाण्यांत मिळून दीड चाल आहे.

उधन्याची_आक्का

चालीबद्दल मीही तेच म्हणते भाऊ.

नाट्यवेडा

हळदीला थोडं बसून ऐकण्याजोगंही असावं असं धागाकर्त्याने लिहिलंय म्हणून धीर करतो. बालगंधर्व.

दगड मारण्याआधी ऐका. नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस पोरवयात जळगावला होते आणि मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे गिरवले ते जळगावातच. भास्करबुवा बखल्यांची तालीम नंतरची. म्हणजे मराठी रंगभूमीच्या या आवाजाला पहिला आकार आपल्याकडे मिळाला. जळगावात जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो, त्यालाही तरुण गर्दी असते. जुन्या तबकड्या साधारण तीन मिनिटांच्या, कुणी कंटाळण्याआधी संपतात. पाहुणे येऊन बसतायत, चहा फिरतोय, तेवढ्या वेळात लावायला काय हरकत आहे?

केळीबाग_रावेर

लावा. पण नवरीला बोटीवर बसून समुद्रात चाललोय असं वाटू नये म्हणजे झालं. त्या तबकड्यांची खरखर!

नाट्यवेडा

खरखर कानाला सवयीने ऐकू येईनाशी होते. डीजेचा बेस मात्र बरगडीला ऐकू येतो.

भुसावळ_जंक्शन

लग्न शिरपूरला आहे म्हणून विचारतो, थाळनेरला जाऊन आलात का? त्याच तालुक्यात आहे, तापीच्या काठी. फारुकी सुलतानांच्या कबरी बघायला लोक जातात, पण गाण्याच्या माणसाने जावं ते वेगळ्या कारणासाठी. ते लता मंगेशकरांचं आजोळ. त्यांच्या आई, माई, थाळनेरच्या शेठ हरिदास लाडांची लेक शेवंती. दीनानाथांचं पहिलं लग्न थोरल्या बहिणीशी, नर्मदेशी झालेलं. ती गेल्यावर धाकटीशी झालं. लताबाई गुजराती गरबे या आजोळच्या आजीकडून शिकल्या. पावागडचे गरबे, तापीकाठच्या घरात, खान्देशात!

माझे वडील रेल्वेत होते. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बिनाका गीतमालेसाठी आठ-दहा माणसं जमायची. रेडिओ सिलोनचा आवाज यार्डातल्या इंजिनाच्या वाफेबरोबर आत-बाहेर व्हायचा. अमीन सायानींनी पायदान जाहीर करायचं आणि नेमकी त्याच वेळी मालगाडी जायची, मग पहिल्या नंबरवर कोणतं गाणं आलं यावर पुढच्या बुधवारपर्यंत वाद. वडील लताबाईंच्या बाजूने. कारण विचारलं की एकच, "आपल्या थाळनेरची भाची आहे." गाणं कुणाचंही असो.

तर बोरीकाठचे, शिरपूरच्या हळदीला लताबाईंचा एक तरी गरबा लावाच. तालुक्याचा मान म्हणून.

बोरीकाठचा

हे माहीतच नव्हतं! ताईला सांगितलं तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, थायनेरले बठ्ठासले ठावकं से." मीच अडाणी निघालो. गरबा यादीत टाकला.

साक्रीपश्चिम

डीजे नको म्हणून कुणी पावरी सुचवण्याआधी मीच लिहितो. मागच्या वर्षी एका लग्नात 'खान्देशी लोकसंगीत' म्हणून पावरीवाल्याला आणून स्टेजवर उभं केलं होतं, दहा मिनिटं वाजवून घेतलं, फोटो काढले, पाठवून दिलं. मला ते बघवलं नाही.

पावरी कशी असते ते बऱ्याच जणांनी बघितलेलं नसतं. वाळवलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या बसवलेल्या आणि पुढच्या टोकाला बैलाचं शिंग. फुंकणारा श्वास तुटू देत नाही, गाल भरून ठेवतो आणि नाकाने हवा घेत राहतो. आमच्या पश्चिम पट्ट्यात, साक्री-नवापूरकडे, कोकणा आदिवासी डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या वेळी रात्र-रात्र वाजवतात आणि नाचतात. त्या सुराला वेळ-काळ आहे. तसंच थाळगान. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने काडी उभी चिकटवायची, ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायची. थाळीतून एकसारखा गुणगुणणारा सूर निघतो आणि त्यावर कथा सांगतात. पहाटेपर्यंत. माझ्या आजोबांच्या वेळी ऐकलेलं, त्यांच्या बोटांना मेणाचा वास असायचा.

हे ऐकायचं असेल तर त्या वेळी त्या गावात या. हळदीत आणू नका. उत्तरेला सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचंही तेच. तिथले ढोल माणसाच्या छातीएवढे, होळीत नाचणाऱ्या बुध्यांच्या कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत त्यातला जेमतेम चौथा हिस्सा येतो.

केळीबाग_रावेर

+१. ढोलाचं पटलं. एकदा काठीला गेलो होतो, पहाटे होळी पेटेपर्यंत उभा होतो. तीन दिवस कानात तोच घुमत होता. परत आल्यावर आमचा डीजे खेळण्यातला वाटला. हे मी लिहिलं असं कुणाला सांगू नका.

अवनी_जामनेर

बोरीकाठचे दादा, बायांची गाणी विकत मिळत नाहीत आणि 'म्हणून दाखवा' म्हटलं की निघतही नाहीत. मी दोन वर्षं भुलाबाईची, आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) आणि लग्नातली गाणी जमवतेय, तर जे कळलं ते लिहिते.

पहिल्यांदा मी मोठ्या मायकडे वही-पेन घेऊन गेले. "मोठी माय, घाण्याचं गाणं म्हण." तिने पदर नीट केला, घसा खाकरला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. "पुढचं नाही येत." मी हिरमुसले. आठवड्याने ती दारात हरभऱ्याची डाळ पाखडत होती आणि मी मागे बसले होते. सुपाचा ठेका पडला तसं तेच गाणं तिच्या तोंडून आपोआप आलं. पाच कडवी. मी हळूच मोबाइल सुरू केला. तिला कळलं तशी ती थांबली, मग हसली आणि म्हणाली, "तू बी पाखड, मंग म्हनते."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. हातात काम द्यायचं. हळदीच्या गाण्याला मुसळ, घाण्याच्या गाण्याला जातं नाहीतर निदान सूप, आखाजीच्या गाण्याला झोका. झोक्यावर बसवलं की सत्तरीची बाई आठ वर्षांची होते. ती कैरीची गाणी, कैरी झोका घेते, तुटते, खडक फुटतो आणि पाणी झुळझुळ वाहायला लागतं, ती खुर्चीवर बसून येतच नाहीत. भुलाबाईची मात्र सगळ्यात सोपी, कारण भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज घरोघर तीच म्हटलेली असतात, शेवटी खिरापत ओळखायची असते. ती ओळखण्याच्या नादात गाणं पाठ.

दुसरं, एकटीला विचारू नका. दोघी-तिघी हव्यात. एकीला पहिली ओळ येते, दुसरीला 'असं नाही गं' म्हणता येतं. गाणं त्या 'असं नाही गं' मध्ये असतं.

आणि पंखा बंद करा. माझ्या निम्म्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा आहे.

जुनी_कॅसेट

या प्रतिसादाला दंडवत. "तू बी पाखड" हे मी लिहून ठेवतोय.

भुसावळ_जंक्शन

अवनीताई, वहीतलं थोडं इथे टाका की.

अवनी_जामनेर

टाकेन, पण ज्यांनी म्हटली त्यांना विचारून. एका आजीने सांगून ठेवलंय, "विहिणीची गाळीची गाणी मी मेल्यावर छापजो."

बोरीकाठचा

अवनीताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, मावशीच्या हळदीची कॅसेट होती, जिभाऊंनी भरलेली. काल अमळनेरला जाऊन माळ्यावरचा डबा काढला. सापडली!

सी-६० ची कॅसेट. जिभाऊंच्या शाईच्या अक्षरात लेबल, 'हळद, बाजू अ'. आतली फेल्टची गादी निघून तळाशी पडलेली, फीत एका जागी कुरतडल्यासारखी. पाच बारीक स्क्रू काढून कवच उघडलं, दुसऱ्या कॅसेटची गादी काढून बसवली, फीत पेन्सिलीने दोनदा पुढे-मागे फिरवली की चिकटलेले थर सुटतात. प्लेअरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून लावली.

सहा मिनिटं. आधी बांगड्या, मग मुसळाचा आवाज, एक पोर रडतंय, कुणी तरी "दिवा सरकाव" म्हणतंय. मग गाणं. हळद कुठून आली असं विचारणारं गाणं आहे, प्रत्येक कडव्यात एकेका गावचा बाजार येतो. आईचा आवाज ओळखू आला. तिसरं कडवं संपलं, धुळ्याच्या बाजाराचं, चौथ्याची "हयद..." एवढं आलं आणि खट्ट!

आणि पुढे विविध भारती.

मी बराच वेळ कॅसेट हातात धरून बसलो. वरच्या कडेची खाच बघितली. जिभाऊंनी ती मुद्दाम तोडलेली होती, कुणी चुकून वर भरू नये म्हणून. आणि त्या खाचेत वहीच्या कागदाचा बोळा कोंबून वर पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलेली. तो बोळा माझा. बारा वर्षांचा होतो, कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, रेडिओसमोर टेप ठेवून फर्माइशी गाणी भरायचो. निवेदकाचा आवाज यायला लागला की पॉजचं बटण दाबायचो, ते टकटक अजून त्यात आहे. चोवीस मिनिटं माझी आवड ऐकून घ्या आणि हळद गेली ती गेलीच.

आईला अजून सांगितलेलं नाही.

नाट्यवेडा

अरे देवा.

जुनी_कॅसेट

बोरीकाठचे, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एक बोळा आहे. मी आजोबांच्या कीर्तनावर क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती.

तांत्रिक: फीत पुन्हा पुन्हा वाजवू नका. एकदाच चांगल्या डेकवर लावून हेडफोनच्या सॉकेटमधून संगणकात घ्या, कच्चीच साठवा, खरखर काढायचा मोह आवरा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर बांगड्याही काढून टाकतं.

केळीबाग_रावेर

दादा, ती सहा मिनिटं डीजेवर लावू नका हां. घरच्यांपुरती ठेवा. हे मी म्हणतोय.

उधन्याची_आक्का

आईला सांगा. रागावणार नाही. आणि उरलेलं कडवं कुणाला तरी येत असेल, अवनी म्हणते तसं मुसळ हातात द्या.

साक्रीपश्चिम

सांगाच. आणि एक आठवण करून देतो, रात्री दहाला डीजे बंद करावा लागेल, दहा ते सहा भोंग्याला बंदी आहे. शिरपुरात पोलिसांची गाडी येऊन उभी राहते, तेव्हा बायांचं दुपारीच उरकून घ्या, रात्रीवर ठेवू नका.

बोरीकाठचा

धागा वर काढतोय. लग्न पार पडलं, वृत्तांत देतो.

आईला हळदीच्या दिवशी दुपारी सांगितलं. ती हळकुंडं निवडत होती. ऐकून म्हणाली, "ते तर माले तवाच ठाऊक होतं. तू भरी लिधं आनि मी बी ते गाना आयकनू." म्हणजे चाळीस वर्षं मी नाही, तीच लपवत होती.

चार वाजता उखळ अंगणात आणलं. ताईच्या सासूबाई, आई, आणि सासूबाईंच्या ऐंशी पार केलेल्या नणंद. नणंदबाई सुरुवातीला, "मना तोंडमा दात नई, गानं कसं म्हनू?" मुसळ हातात दिलं. दोनदा उचलून आपटलं आणि तिसऱ्याला आवाज निघाला. दातांमुळे 'स' चा 'श' होत होता, पण चाल सरळ चालली. पंखा बंद होता, अवनीताई. कुकरच्या शिट्ट्या मात्र विसरलो, चार आहेत. नव्या पोरींपैकी नवरी आणि तिची एक मैत्रीण एवढ्याच बसल्या, बाकीच्या मेंदीवाल्या बाईकडे. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

रात्री डीजे झाला. बालगंधर्व तीन मिनिटं, त्यात मामेसासरे रडले. लताबाईंच्या गरब्याला थाळनेरची पाहुणेमंडळी उठून उभी राहिली. फुगे तीनदा लागले. नऊ सत्तावन्नला बंद केला.

आता अडचण. चौथं कडवं तिघींना आलं, पण तिघींचं वेगळं. धुळ्यापर्यंत एकमत, पुढे आई म्हणते पारोळ्याच्या बाजारातून, सासूबाई म्हणतात शिरपूरच्या, आणि नणंदबाई दोंडाईचा म्हणून अडून बसल्या. रेकॉर्डिंगमध्ये शेवटची दोन मिनिटं भांडणच आहे. तुमच्याकडे कोणता बाजार येतो?

जुनी_कॅसेट

दोंडाईचा? तिथून मिरची येते हो, हळद कशी येईल?

बोरीकाठचा

हेच आई म्हणाली. नणंदबाई म्हणाल्या, "मनं माहेर दोंडायचं, तठूनच यी."

अवनी_जामनेर

माझ्या वहीत हेच गाणं आहे, चौथ्या कडव्याला शेंदुर्णी. म्हणणाऱ्या मोठ्या मायचं माहेर शेंदुर्णी.

उधन्याची_आक्का

आमच्याकडे नंदुरबार. आणि माझी थोरली जाऊ, जी इथेच लहानाची मोठी झाली, ती सुरत म्हणते.

केळीबाग_रावेर

आजीला आत्ता विचारलं. सावदा. आणि ते रेकॉर्डिंग माले बी धाडजो भो, कुकरसकट.